प्रतिस्पर्धी की शेजारी?

मनुष्याने जे असंख्य खेळ शोधून काढले त्यांत बुद्धिबळ हा एक विलक्षण खेळ होय. त्याची सारी भाषा युद्धाची आहे. राजा, वजीर, हत्ती, घोडे, उंट, प्यादी; शह आणि मात, चढाई आणि बचाव. आणि तरीही हे युद्ध लढणारे दोघे एकाच टेबलाशी, हातभर अंतरावर, निःशब्द बसलेले असतात. डावाच्या आरंभी ते हस्तांदोलन करतात, शेवटीही करतात. आणि या दोन हस्तांदोलनांच्या मधल्या चार-पाच तासांत प्रत्येकाच्या अंतःकरणात एकच इच्छा धगधगत असते, ती म्हणजे समोरच्याचा पराभव व्हावा. सद्भावनेच्या दोन कृतींच्या मध्ये ठेवलेल्या या इच्छेला नीतीच्या दृष्टीने काय म्हणावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या यावलसारख्या गावात हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. केळीच्या बागेतले काम आटोपून संध्याकाळी ओट्यावर पट मांडून बसणाऱ्यांचा खेळ निराळा असतो. भोवती चार जण उभे राहून सल्ले देतात. वजीर फुकट जाताना दिसला, तर 'जरा नीट पाहा' असे समोरचाच सांगतो आणि चाल परत घेऊ देतो. कोण जिंकले, कोण हरले, हे रात्रीच्या जेवणापर्यंत कोणाच्या ध्यानातही राहत नाही. येथे प्रतिस्पर्धी हा आधीपासूनच शेजारी असतो, आणि डाव मोडला तरी शेजार मोडत नाही.

गुणांकन मिळवलेल्या खेळाडूंचा स्पर्धेतील डाव मात्र वेगळ्या जगात घडतो. तेथे एखाद्या मोहऱ्याला हात लागला की तोच चालवावा लागतो. मोहरा घरात नुसता नीट बसवायचा असेल, तर तसे आधी बोलून दाखवावे लागते. चाल परत घेणे नाही. प्रत्येक चाल कागदावर लिहायची, घड्याळ दाबायचे, आणि आपला वेळ संपला तर पटावर कितीही सुस्थिती असो, डाव सहसा गेलाच. खानदेशाला हे जग अपरिचित नाही; २०१३ साली राष्ट्रीय प्रीमियर बुद्धिबळ स्पर्धा जळगावातच झाली होती. अशा सभागृहात कोणी कळवळून 'जरा नीट पाहा' असे म्हणेल, तर पंच त्याला बाहेर काढतील. ओट्यावर जी माया ठरते, ती तेथे अपराध ठरते. मग प्रश्न असा पडतो, की या सभागृहात शिरताना शेजारधर्म दाराबाहेर चपलांच्या शेजारी काढून ठेवावयाचा असतो काय?

या प्रश्नाला अलीकडच्या एका डावाने मोठे स्पष्ट रूप दिले. जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशात, काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या बाटुमी या शहरात महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, आणि दोन्ही बाजूंना भारतीय खेळाडू बसल्या होत्या. एकीकडे आंध्र प्रदेशातील कोनेरू हम्पी. तिने २००२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर हा किताब मिळवला होता. मातृत्वासाठी काही काळ खेळापासून दूर राहून ती परतली आणि २०१९ व २०२४ साली जलद बुद्धिबळात जगज्जेती झाली. दुसरीकडे आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, वय वर्षे १९. हम्पी ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. या दोघी परक्याही नव्हत्या. २०२० साली त्या एकाच भारतीय संघातून खेळल्या होत्या.

२६ आणि २७ जुलै रोजी झालेले दोन्ही प्रदीर्घ डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला प्रत्येकी पंधरा मिनिटे आणि दर चालीला दहा सेकंद अशा वेळेच्या जलद डावांनी निर्णय लागावयाचा होता. त्यांतला पहिलाही बरोबरीत गेला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. डाव बरोबरीकडे झुकला असताना घड्याळाच्या दडपणाखाली हम्पीच्या हातून चूक झाली. एका क्षणी दिव्याच्याही हातून संधी निसटली. परंतु अखेरची चूक हम्पीची होती, आणि तिने डाव सोडला. दिव्या विश्वचषक जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. स्पर्धेला ती गेली तेव्हा ग्रँडमास्टर होण्यासाठी लागणारी एकही पात्रता तिच्या पदरी नव्हती; या विजयामुळे तो किताबही तिला आपोआप मिळाला. डाव संपल्यावर ती रडू लागली आणि तिने आपल्या आईला मिठी मारली. ते दृश्य महाराष्ट्रातल्या घराघरांत पाहिले गेले आणि अनेकांचे डोळे पाणावले.

त्या आनंदात उणेपणा आणण्याचा हेतू येथे नाही. परंतु थोडा विचार केला तर ध्यानात येते, की आपण ज्या क्षणी टाळ्या वाजवल्या तो क्षण एका दुसऱ्या स्त्रीच्या चुकीचा होता. तेवीस वर्षे ग्रँडमास्टर म्हणून वावरलेल्या, सर्व काही नीट करीत आलेल्या एका खेळाडूचा हात थकव्याने आणि घाईने चुकला, आणि तिच्या चुकीतून दुसरीचे सुख जन्माला आले. दुसऱ्याच्या पडण्यावर आनंद मानू नये असे आपण मुलांना शिकवतो. मग हा आनंद कोणत्या जातीचा?

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले असे, की हा शेवटी खेळ आहे. खेळातले मनावर घेऊ नये. परंतु ज्याने बालपण, शिक्षण आणि झोप या पटाला वाहिली त्याला 'हा खेळ आहे' असे सांगणे म्हणजे त्याच्या श्रमाचा उपहास करणे होय. हम्पीच्या वडिलांनी नोकरी सोडून मुलीला शिकवले. ते काही गंमत म्हणून नव्हे. दुसरे उत्तर याच्या उलट टोकाचे आहे. स्पर्धा मुळातच वाईट, तिच्यात मत्सर आणि अहंकार वाढतो, म्हणून सज्जनाने तिच्यापासून दूर राहावे, असे ते सांगते. हे उत्तर ऐकावयास धार्मिक वाटते, पण ते जगता येत नाही. ते देणारेही आपल्या मुलांचा वर्गातला क्रमांक विचारल्यावाचून राहत नाहीत. तेव्हा ही दोन्ही उत्तरे बाजूला ठेवून मधली अवघड वाट शोधावयास हवी.

या वाटेवर आपली पहिली भेट होते ती सोळाव्या शतकातील स्पेनमधल्या एका धर्मगुरूंशी. रुय लोपेझ हे त्यांचे नाव. १५६१ साली त्यांनी बुद्धिबळावर एक ग्रंथ लिहिला, आणि डावाच्या ज्या आरंभाचा त्यांनी अभ्यास केला तो आजही जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्या आरंभात तिसऱ्याच चालीला पांढरा उंट पुढे येऊन काळ्याच्या घोड्याला रोखून धरतो. आणि आपण ज्याला उंट म्हणतो त्या मोहऱ्याला इंग्रजीत 'बिशप' म्हणतात, हा योगायोग आपल्या वाचकांना मौजेचा वाटेल. परंतु याच धर्मगुरूंनी खेळाडूंना आणखी एक सल्ला दिला होता: पट अशा रीतीने मांडावा की सूर्यप्रकाश प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवर येईल.

हा सल्ला वाचून प्रथम हसू येते, मग मन थोडे अस्वस्थ होते. लोपेझ काही दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांच्या काळी असा कोणताही नियम नव्हता की जो या युक्तीने मोडला जाई. नियमाच्या चौकटीत राहून जेवढे साधता येईल तेवढे साधावे, एवढाच त्यांचा हिशेब होता, आणि हा हिशेब आपण सगळेच कमी-अधिक प्रमाणात करीत असतो. आज जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे, की प्रतिस्पर्ध्याचे लक्ष कोणत्याही प्रकारे विचलित करणे किंवा त्याला त्रास देणे निषिद्ध आहे; बरोबरीचा प्रस्ताव पुन्हापुन्हा विनाकारण मांडणे हासुद्धा त्रासच मानला जातो. म्हणजे लोपेझ यांच्या काळात जी चतुराई होती ती आज अपराध आहे. नियमाच्या या वाढीतून एक गोष्ट दिसते. प्रतिस्पर्ध्याला हरवण्याचा अधिकार आपल्याला आहे, पण त्याला पाहू न देण्याचा अधिकार नाही. त्याचे डोळे, त्याचा वेळ, त्याची शांतता ही त्याची स्वतःची आहेत. हरावयाचे तर त्याने उघड्या डोळ्यांनी हरावे.

त्याच शतकात, त्याच स्पेनमध्ये आविलाच्या संत तेरेजा होऊन गेल्या. आपल्या मठातील भगिनींसाठी त्यांनी 'पूर्णत्वाचा मार्ग' हा ग्रंथ लिहिला आणि त्यात प्रार्थनेचे मर्म समजावून देताना बुद्धिबळाचे रूपक योजले. पटावर राजाला सर्वाधिक अडचणीत आणणारा मोहरा वजीर असतो, आणि त्या स्वर्गीय राजाला आपल्या स्वाधीन करून घेणारा वजीर म्हणजे नम्रता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. स्पेनमधील बुद्धिबळपटू त्यांना आपल्या आश्रयदात्या संत मानतात. एकाच देशातल्या, एकाच काळातल्या या दोन धार्मिक व्यक्तींनी एकाच पटाकडे पाहिले. एकाला त्यावर प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत जाणारे ऊन दिसले, दुसरीला नम्रता दिसली. पट मात्र तोच होता.

नम्रता म्हटली की पुष्कळांना वाटते, समोरच्यासाठी माघार घेणे. स्पर्धेच्या डावात मात्र नम्रतेचा अर्थ निराळा लावावा लागतो, आणि तो समजण्यासाठी गुणांकनाची पद्धत उपयोगी पडते. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकाने ती तयार केली आणि १९७० साली जागतिक महासंघाने ती स्वीकारली. ढोबळमानाने सांगावयाचे तर, जिंकणाऱ्याला मिळणारे गुण हरणाऱ्याच्या खात्यातून येतात. एकाची भर ती दुसऱ्याची तूट. येथवर ती कठोर वाटते. परंतु तिचा पुढचा भाग अर्थपूर्ण आहे. आपल्यापेक्षा दुबळ्याला हरवले तर पदरात जवळजवळ काहीच पडत नाही. आपल्यापेक्षा सबळाला हरवले तर पुष्कळ पडते. आपल्या विजयाचे मोल आपण ठरवत नाही, समोरच्याची उंची ठरवते. म्हणून जो प्रतिस्पर्ध्याला हिणवतो, तो नकळत स्वतःच्याच विजयाची किंमत उतरवीत असतो. दिव्याचा विजय मोठा ठरला कारण समोर हम्पी होती. बाटुमीला पोहोचलेल्या त्या तरुण मुलीवर एक ऋण होते, आणि ते तिने जिला हरवले तिचेच होते.

हे ऋण फेडावयाचे कसे? दया दाखवून नव्हे, हे उघड आहे. आपल्याकडे गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांची दंगल भरते. दोन मल्ल आधी सलामी देतात आणि मग सर्व बळ लावून लढतात. आतून ठरवून केलेल्या लुटुपुटीच्या लढतीला आपण 'नूरा कुस्ती' म्हणतो, आणि तो शब्द उच्चारताना आपल्या स्वरात तुच्छता असते. प्रेक्षकांची फसवणूक होते एवढेच त्या तुच्छतेचे कारण नाही. ज्याला मुद्दाम जिंकू दिले त्याचाही त्यात अपमान असतो, कारण 'तुला खरी लढत पेलणार नाही' असे त्याला न बोलता सांगितलेले असते. बाटुमीत दिव्याने हम्पीच्या वयाकडे आणि मानाकडे पाहून हात आखडता घेतला असता, किंवा हम्पीने मुलीसारखी म्हणून तिला सवलत दिली असती, तर दोघींनीही एकमेकींना कमी लेखले असते. आपले सर्वस्व पणाला लावणे हा तेथे आदराचाच एक प्रकार होता.

परंतु सर्वस्व पणाला लावण्याआधी समोरच्याला खुर्चीवर बसू द्यावे लागते, आणि हे वाटते तितके सोपे नाही. मुंबईच्या खाडिलकर भगिनींची हकीकत जुन्या वाचकांना आठवत असेल. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघींनी भारतीय महिला बुद्धिबळाची पहिली वर्षे गाजवली. रोहिणी १९७६ साली, अवघ्या तेराव्या वर्षी राष्ट्रीय महिला विजेती झाली आणि त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही उतरली. त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष व माजी जगज्जेते मॅक्स यूव यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. ज्यांनी विरोध केला त्यांना त्या मुलीकडून हरण्याची भीती होती की ती समोर बसावी हेच खपत नव्हते, हे त्यांचे त्यांना ठाऊक. पण 'तू माझी प्रतिस्पर्धी होऊच शकत नाहीस' हे वाक्य पराभवापेक्षा अधिक दुखावते. जो आपल्याशी लढतो तो निदान आपल्याला माणूस मानतो.

बसू दिल्यानंतर लागतो तो विश्वास. हातातल्या यंत्रात जगज्जेत्यापेक्षा सरस खेळणारा संगणक सामावू लागला, तेव्हापासून या खेळात संशयाचे विष शिरले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे तत्कालीन जगज्जेता मॅग्नस कार्लसन हा हान्स नीमन या एकोणीस वर्षांच्या खेळाडूकडून हरला आणि दुसऱ्याच दिवशी स्पर्धेतून बाहेर पडला. पुढे त्याने नीमनवर फसवणुकीचा जाहीर संशय घेतला. लहान वयात संगणकावरील काही डावांत आपण लबाडी केली होती हे नीमनने कबूल केले होते. परंतु त्या दिवशी प्रत्यक्ष पटावर फसवणूक झाल्याचा पुरावा पुढे आला नाही. पुरेसे कारण नसताना स्पर्धा सोडल्याबद्दल २०२३ च्या डिसेंबरात महासंघाने कार्लसनला दहा हजार युरोंचा दंड केला. लबाडीने एक डाव जिंकता येतो, पण ती पुढच्या शंभर प्रामाणिक विजयांना डागाळून ठेवते. आणि पुराव्याविना घेतलेला संशयही तेच करतो. एकदा खोटे बोललेल्या माणसाला पुन्हा प्रामाणिक होण्याची वाट मोकळी ठेवावी की नाही, हा प्रश्न मग बुद्धिबळापुरता राहत नाही.

न्यायाची आणखी एक कसोटी आहे. ३० ऑगस्ट २०२० रोजी, महामारीच्या काळात, संगणकजालावर खेळल्या गेलेल्या ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात भारत आणि रशिया समोरासमोर होते. नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता. पहिली फेरी ३-३ अशी सुटली. दुसऱ्या फेरीत संपर्कव्यवस्था कोलमडली आणि निहाल सरिन व दिव्या देशमुख यांचे डाव घड्याळ संपल्यामुळे गेले. आरंभी रशिया विजयी ठरला. भारताने दाद मागितली, आणि महासंघाचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले. द्वोर्कोविच स्वतः रशियन आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे अतिजलद बुद्धिबळाच्या जागतिक स्पर्धेत कार्लसन आणि इयान नेपोम्नियाची यांनीही विजेतेपद वाटून घेतले. बरोबरीमागून बरोबरी होत गेली, तेव्हा कार्लसनने तसे सुचवले आणि महासंघाने ते मान्य केले. वरवर पाहता दोन्ही कृती सारख्याच दिसतात. परंतु पहिल्या वेळी लढत कोणाचाही दोष नसताना तुटली होती, आणि ज्याला पटावर हरवता आले नाही त्याला तुटलेल्या तारेने हरवू नये, हा न्याय त्यात होता. दुसऱ्या वेळी लढत शक्य होती; ती नको म्हटली गेली. वाटून घेणे नेहमीच औदार्य असते असे नाही. कधी ते सत्याला दिलेला मान असते, तर कधी सत्यापासून घेतलेली सुटी.

आता पुन्हा त्या अखेरच्या चुकीकडे वळू. हम्पी चुकली, हे खरे; पण ती रिकाम्या पटावर चुकली नाही. तीन दिवस आणि शेकडो चाली समोरची मुलगी तिच्यापुढे एकामागून एक प्रश्न ठेवीत होती, आणि त्या प्रश्नांचे ओझे साठत साठत शेवटी एका चालीवर येऊन पडले. दिव्यालाही तसेच प्रश्न पडत होते आणि तीही चुकत होती. छापील डावाच्या माथ्यावर दोन नावे असतात, ती यासाठीच. तो डाव दोघींनी मिळून रचलेला असतो. म्हणून विजेत्याचा आनंद दुसऱ्याच्या पडण्याचा असलाच पाहिजे असे नाही. अवघड प्रश्नाला आपण टिकलो, याचा तो आनंद असू शकतो. दोन आनंदांतला फरक बाहेरून दिसत नाही, पण पुढच्या शब्दांवरून ओळखता येतो. जिंकल्यानंतर दिव्याने सांगितले, की डावाच्या शेवटच्या टप्प्यातला खेळ आपल्याला अजून शिकावयास हवा. ज्याला दुसऱ्याच्या चुकीचा आनंद झालेला असतो, त्याला त्या क्षणी स्वतःची चूक आठवत नाही.

येथवरच्या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो रास्त आहे. पटावर दोघांना सोळा-सोळाच मोहरी मिळतात आणि घड्याळही दोघांचे सारखे चालते; आयुष्यात तसे असते काय? वस्तुतः बुद्धिबळाच्या जगातही ते नेहमी नसते. १९९८ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधील लोझान येथे विश्वनाथन आनंद जगज्जेतेपदासाठी अनातोली कार्पोव्हसमोर बसला, तेव्हा आनंद सुमारे तीन आठवडे नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे एकामागून एक बाद फेऱ्या लढून, दोन-तीन दिवसांची उसंतही धड न मिळता तेथे पोहोचला होता. कार्पोव्हला थेट अंतिम सामन्यात स्थान दिलेले असल्याने तो विश्रांती घेऊन आला होता. सामना बरोबरीत गेला आणि जलद डावांत आनंद हरला. त्या टेबलावर मोहरी समान होती. थकवा समान नव्हता.

आपल्या घरांतले चित्र याहून तीव्र आहे. यावल येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, कारण तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्यात तडवी आणि पावरा समाजांचे पाडे आहेत. पाड्यावरून आश्रमशाळेत आलेले मूल आणि शहरात महागड्या शिकवण्या लावलेले मूल यांच्या हाती परीक्षेत एकच प्रश्नपत्रिका पडते. पटावर हरणारा काही गुण गमावतो. येथे हरणाऱ्याची भाकरी जाते. अशा ठिकाणी 'खेळ नियमाप्रमाणे झाला' एवढे म्हणून चालत नाही, कारण एका मुलाच्या डोळ्यांवर जन्मापासूनच ऊन येत असते, आणि ते ऊन तेथे कोणी मुद्दाम आणले नसले तरी दुसऱ्याला सावलीचा लाभ होतच असतो. जो प्रतिस्पर्ध्याचे ऋण मानतो त्याच्यावर डाव प्रामाणिकपणे खेळण्याबरोबरच पट फिरवून मांडण्याचीही जबाबदारी येते. आपल्या मुलाची जुनी पुस्तके, आपल्याला असलेली माहिती, भरावयाच्या अर्जांची तारीख, शिकवणीत मिळालेल्या टिपणवह्या या गोष्टी त्याच जागेसाठी झटणाऱ्या दुसऱ्या मुलापर्यंत पोहोचू द्याव्यात की दडवाव्यात, हा प्रश्न आपल्यापैकी अनेक कुटुंबांपुढे दरवर्षी जून महिन्यात उभा असतो. रुय लोपेझ यांचा सल्ला आपण किती पाळतो, हे तेथे कळते.

आणि मुलांना काय सांगावे? स्पर्धा करू नको असे सांगण्यात अर्थ नाही, आणि काहीही करून जिंक असे सांगण्यात तर सर्वनाश आहे. त्याने पूर्ण ताकदीने लढावे, पण ज्याच्याशी लढतो त्याचे नाव त्याला ठाऊक असावे. परीक्षेचा निकाल घेऊन मूल घरी आले म्हणजे आपला पहिला प्रश्न 'तुझ्या पुढे कोण?' हा असतो. त्या पुढच्या मुलाविषयी आपण त्यानंतर जे बोलतो, त्यातूनच प्रतिस्पर्धी हा शत्रू आहे की शेजारी, हे आपले मूल शिकते. प्रवचनातून ते शिकत नाही.

बुद्धिबळाच्या स्पर्धांत एक जुनी रीत आहे. डाव संपला, निकालाच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या, की जिंकलेला आणि हरलेला पुष्कळदा तिथेच किंवा शेजारच्या खोलीत दुसऱ्या पटाशी बसतात आणि तोच डाव पुन्हा पहिल्या चालीपासून मांडतात. 'येथे तू घोडा आणला असतास तर मी संपलो असतो,' असे जिंकलेला हरलेल्याला सांगतो. 'मला ते दिसले होते, पण पुढची चाल दिसली नाही,' असे हरलेला कबूल करतो. काही मिनिटांपूर्वी जी गुपिते प्राणपणाने लपवली होती ती दोघेही आता मोकळेपणाने एकमेकांपुढे ठेवतात, उद्या पुन्हा याच माणसाशी गाठ पडणार आहे हे ठाऊक असूनही. आता घड्याळ चालू नसते आणि गुण कोणालाच मिळायचे नसतात. खरी चाल कोणती होती, एवढेच दोघांना हवे असते. ती शोधण्यासाठी दोघांपैकी प्रत्येकाला, आपण जे पाहिले नाही ते पाहणारा, जगात एकच माणूस उपलब्ध असतो, आणि तो पटाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला असतो.